ज्याला बांधले, त्याची जबाबदारी आपली

भद्रावतीत आमच्या घरी सध्या एक कुत्रा, एक मांजर, चार शेळ्या आणि काही कोंबड्या आहेत. शेळ्या-कोंबड्यांचे कुणाला नवल वाटत नाही. पण "मुसलमानाच्या घरी कुत्रा कसा?" हा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. आम्हालाही एकेकाळी तोच प्रश्न पडला होता.

शेरू आला तो भर पावसाळ्यात. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याकडेला पाय मोडून पडलेले पिल्लू मुलांनी पोत्यात घालून आणले. दादी दारातच आडवी उभी राहिली. "उंबऱ्याच्या आत नाही आणायचं," तिने बजावले. आणि मग तिनेच एका जुन्या ताटलीत भाकरी कुस्करून दिली. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात पाय बांधून घेतला. पिल्लू जगले, आणि मग ते ठेवायचे की सोडायचे यावर घरात वाद सुरू झाला.

अब्बांनी मशिदीतील इमामसाहेबांना विचारले. त्यांनी शांतपणे समजावले. जनावरांच्या राखणीसाठी, शेतासाठी आणि शिकारीसाठी कुत्रा बाळगण्याची मुभा हदीसमध्येच आहे. त्याखेरीज कुत्रा पाळल्यास सवाबात घट होते, असेही हदीस सांगते. आमच्याकडे शेळ्या होत्या, राखणीची गरज खरीच होती. राहिला प्रश्न पाकीचा. विदर्भातील बहुतेक घरे हनफी. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक, पण त्याचे कोरडे अंग घासून गेल्याने कपडा नापाक होत नाही. कोकणातील शाफई कुटुंबांत नियम अधिक कडक आहे. तिथे ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचे, त्यात एकदा मातीने. इमाम मालिक यांनी मात्र जिवंत कुत्र्याला पाक मानले आहे. मते वेगळी असली, तरी यांपैकी एकाही मतात विनाकारण कुत्र्याला दगड मारायला परवानगी नाही.

त्याच दिवशी आमच्या घराचे नियम ठरले. शेरू अंगणात राहील. त्याची ताटली वेगळी, ती धुण्याची जागा वेगळी. नमाजचे कपडे आतल्या खुंटीला. मांजरीला मात्र घरभर फिरण्याची मोकळीक, कारण मांजरीचे उष्टे नापाक नसल्याचे हदीसमध्ये आले आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वजूच्या पाण्याचे भांडे तिरपे करून मांजरीला पाणी पाजले होते.

दादीची अट होती तशीच राहिली, पण तिचा आवाज मऊ झाला. रात्री ती मुलांना गोष्टी सांगू लागली. विहिरीत उतरून, आपल्या पादत्राणात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाची गोष्ट. अल्लाहने त्या एका कृत्यावर त्याला क्षमा केली. गुहेतील तरुणांची गोष्ट. पवित्र कुरआनच्या सूरह कहफमध्ये त्यांच्यासोबत त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. तो गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसला होता. "बघा, तोही उंबऱ्यावरच होता," दादी म्हणायची.

पुढच्या वर्षी लाली आली. एक कुटुंब बदली होऊन गाव सोडून गेले आणि म्हातारी कुत्री मागे राहिली. महिनाभर ती बंद घरासमोर बसून होती. आम्ही तिला घेऊन आलो. ती परत जुन्या घराकडे पळायची, म्हणून रात्री ओसरीच्या खांबाला साखळीने बांधत होतो.

आमच्या भागाची एक गोष्ट बाहेरच्या वाचकांना सांगायला हवी. ताडोबाचे मोहर्ली प्रवेशद्वार आमच्याच तालुक्यात आहे. झुडपी जंगल आणि खाणींचे ढिगारे वस्तीपर्यंत येतात. त्यांच्या आडोशाने बिबट्याही येतो. हरणामागे धावण्यापेक्षा गावातला कुत्रा पकडणे त्याला सोपे. हे आम्हाला माहीत होते, तरी आपल्या दारात येईल असे वाटले नव्हते.

थंडीच्या एका रात्री शेरू वेड्यासारखा भुंकला. आम्ही दिवा लावून बाहेर येईपर्यंत सारे संपले होते. शेरू मोकळा होता, तो न्हाणीत शिरून वाचला. लालीला पळता आले नाही. साखळी आम्ही बांधली होती.

दादी त्या दिवशी फारसे बोलली नाही. संध्याकाळी तिने तिसरी गोष्ट सांगितली, जी ती आजवर टाळत आली होती. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही. त्यासाठी तिला शिक्षा झाली. आम्ही लालीला खायला दिले होते, जीव लावला होता. पण जनावर बांधले म्हणजे त्याचा पळण्याचा हक्क आपण काढून घेतला, आणि मग त्याच्या रक्षणाचे काम आपल्याच अंगावर आले, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

आता प्राणी नकोच, असे काही दिवस वाटत राहिले. तेव्हा हेमलकशाची आठवण झाली. आमच्या शेजारच्या वरोऱ्यात बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले. त्यांनीच 1973 साली गडचिरोली जिल्ह्यात, भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे माडिया आदिवासींसाठी दवाखाना चालवला. 2008 मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकार करून आणलेल्या मृत माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले डॉ. प्रकाश यांनी पाहिले, ते मागून घेतले, आणि तिथून प्राण्यांचे अनाथालय सुरू झाले. उपाशी माणसाने शिकार केली म्हणून त्यांनी माडियांना दोष दिला नाही. मारलेल्या जनावरांची पिल्ले आम्हाला द्या, एवढेच सांगितले. पुढे तिथे बिबटे, अस्वले, हरणे, साप असे कितीतरी जीव वाढले.

त्या अनाथालयातून आम्ही एक गोष्ट घेतली. माणसाच्या हातावर वाढलेल्या जनावराला जंगलात परत सोडणे सोपे नसते. ते शिकार शिकलेले नसते, माणसाला भीत नाही. एकदा हातात घेतले की त्याचे अन्न, औषध आणि पिंजरा शेवटपर्यंत सांभाळावा लागतो.

अब्बांनी मग शेळ्यांचा गोठा नव्याने बांधला. चारही बाजूंना लोखंडी जाळी, वर पत्रा, आतून-बाहेरून कडी. शेरू रात्री शेळ्यांसोबत आत झोपतो, मोकळा. साखळी मोडीत दिली.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे किंवा जे गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी अनुभवातून सांगतो.

पहिली: रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की ती द्या, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी नियमित द्या. नसबंदी करून घ्या, म्हणजे रस्त्यावर मरायला आणखी पिल्ले येत नाहीत.

दुसरी: कुत्रा चावला किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. तिखट, चुना, हळद काही लावू नका. लसीचे सर्व डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

तिसरी: बकरी ईदची. कुरबानीच्या जनावराच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याचे फोड दिसले तर तो भाग कुत्र्यांपुढे टाकू नका, खोल पुरून टाका. त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात जाऊन यकृतात तसेच फोड येतात. बिर्याणीतली शिजलेली हाडेही देऊ नका. ती टोकदार फुटतात आणि आतडे फाडू शकतात.

चौथी: रात्री उष्टे-खरकटे आणि मटणाचा कचरा उघड्यावर टाकू नका. त्यावर कुत्रे जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि त्याच गल्लीत आपली मुले खेळतात.

दादी आता थकली आहे. तरी ईशाच्या नमाजनंतर काठी टेकत अंगणात येते, गोठ्याची कडी हाताने चाचपून पाहते, आणि आतले जीव मोजते. चार शेळ्या, एक शेरू. मगच आत जाऊन झोपते.