मुसाफिर की मुकीम? शहरातल्या शिकाऊ मुलांचा रमजान

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे रमजानचा महिना दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०२४ मध्ये तो मार्च-एप्रिलमध्ये होता, २०२५ मध्ये मार्चमध्ये, आणि यंदा फेब्रुवारीतच चंद्र दिसला. उन्हाचा कडाका सुरू व्हायच्या आत बरेच रोजे होऊन जातात, म्हणून घरोघरी समाधान आहे. पण याच काळात अभियांत्रिकीच्या शेवटच्या सत्रातली मुलं इंटर्नशिपसाठी घराबाहेर पडलेली असतात. त्यामुळे गेली दोन-तीन वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या अनेक मुलामुलींचा पहिला परका रमजान मुंबई-पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत उजाडतो आहे.

अशा मुलांपैकी एकाची ही हकिकत. टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा जानेवारीत सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेला आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत शिकाऊ म्हणून रुजू झाला. मुदत सहा महिने, विद्यावेतन महिना १२,००० रुपये. काम पसंत पडलं तर पुढे नोकरी मिळेल, असं तोंडी सांगितलेलं. आपलं नाव छापू नये, अशी त्याची विनंती आहे. त्याचं कारण पुढे येईल.

खोलीचा शोध

१२,००० रुपयांत मुंबईत राहायचं म्हणजे रोज संध्याकाळी वहीत हिशेब मांडावा लागतो. तिघांत मिळून घेतलेल्या वन-बीएचकेच्या भाड्यात त्याचा वाटा ७,००० रुपयांचा. उरलेल्या पाच हजारांत डबा, रेल्वेचा पास, मोबाइल आणि आजारपण. सरकारच्या २०१९ च्या नियमांत पदवीधर शिकाऊ उमेदवारासाठी महिना ९,००० रुपये किमान विद्यावेतन ठरवलं गेलं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,००० रुपये अशी तरतूद होती. हे आकडे गावात राहून काम करणाऱ्याला आधाराचे ठरतात. मुंबईत त्यातला मोठा भाग खोलीतच जातो, उरलेलं घरून मागवावं लागतं.

त्यातही खोली मिळायला हवी. त्याने पाहिलेल्या पहिल्या तीन जागा रिकाम्या होत्या, फोनवर भाडंही ठरलं होतं. नाव सांगितल्यावर एकीकडे ‘आम्ही फॅमिलीलाच देतो’, दुसरीकडे ‘सोसायटीचा नियम आहे’ असं उत्तर आलं. तिसऱ्याने फोनच उचलला नाही. शेवटी कॉलेजच्या एका सीनिअरच्या ओळखीने दोन मुलांच्या खोलीत जागा झाली. एक जळगावचा, एक नांदेडचा. घरात मांसाहारी शिजवायचं नाही, ही अट त्याने आनंदाने मान्य केली. पण अकरा महिन्यांच्या करारात त्याचं नाव मात्र चढलं नाही. मालक म्हणाले, पुढच्या कराराच्या वेळी बघू. खोलीत दोघे कागदावर राहतात, तिसरा नुसताच राहतो.

मुंब्र्यात गेलास तर स्वस्तात राहशील, असा सल्ला त्याला अनेकांनी दिला. त्यात तथ्य आहे. मुंब्र्यात सहरीला उठवणारे असतात, पहाटेपर्यंत हॉटेलं उघडी असतात, मशीद चार पावलांवर असते. पण तिथून ठाण्याला उतरून, ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून, रोजा ठेवून रोज गर्दीत उभं राहायचं. ऑफिसपासून चालत वीस मिनिटांवरच्या खोलीचा मोह त्यामुळे सुटला नाही. शहरात आलेल्या मुसलमान मुलापुढे बहुधा हाच पेच असतो. मोहल्ल्यात राहिलं तर आपली माणसं मिळतात, पण अंतर वाढतं. कामाजवळ राहिलं तर वेळ वाचतो आणि पहाटे एकट्याने उठावं लागतं.

कडक भाकरीची सहरी

घरी असताना सहरीला उठणं हे त्याचं काम कधी नव्हतंच. अम्मी साडेचारला उठायची, भांड्यांचा आवाज यायचा, ताट समोर यायचं. आता गजर आपणच लावायचा आणि तो वाजला की बाकी दोघांची झोप मोडणार, म्हणून फोन उशीखाली ठेवायचा. पहिले दोन दिवस गजर ऐकूच आला नाही. पाण्याच्या एका घोटावरही न उठता त्याने रोजा ठेवला. तिसऱ्या दिवशी जळगावच्या मुलाने त्याला हलवून उठवलं आणि म्हणाला, “अरे, उशीखाली ठेवून काय उपयोग? टेबलावर ठेव. आम्ही पुन्हा झोपू.”

पहाटे गॅस पेटवून स्वयंपाक करायची वेळ मात्र आली नाही. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन आठवडे टिकते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. गावाहून आलेल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाबरोबर अम्मी भाकऱ्यांची चळत पाठवत राहिली. दह्यात चुरलेली भाकरी, वर चटणी, दोन खजूर, एक केळं. दिवसभर पोट धरून राहतं. महिन्याच्या मध्यापर्यंत ही न्याहारी खोलीतल्या दोघांच्याही अंगवळणी पडली. फरक इतकाच, की ते दोघे ती सकाळी आठला खातात.

सोलापूर आणि मुंबई यांच्यात रेखांशाचं साधारण तीन अंशांचं अंतर आहे आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. म्हणून सोलापुरात सहरीची वेळ बारा मिनिटं आधी संपते, इफ्तारही बारा मिनिटं आधी होतो. अम्मीचा फोन रोज संध्याकाळी बरोबर तेव्हा येतो, जेव्हा तिचा रोजा सुटलेला असतो आणि त्याचा सुटायचा असतो. ती विचारते, खाल्लंस का. तो सांगतो, अजून वेळ आहे. महिनाभर हाच संवाद चालू आहे आणि दोघांपैकी कुणालाही त्याचा कंटाळा आलेला नाही.

पार्किंगमधलं दस्तरखान

ऑफिसात त्याने पहिले नऊ दिवस कुणाला काही सांगितलं नाही. दुपारी सगळे डबे उघडत तेव्हा तो काम आहे म्हणून जागेवरच बसे. नोकरी अजून पक्की नाही, आल्या आल्या वेगळं काही मागितलं असं वाटू नये, ही भीती. शुक्रवारी जुम्याच्या नमाजला जातानाही तो जेवायला जातो असंच सांगून गेला.

अडचण संध्याकाळची होती. परदेशातल्या ग्राहकाबरोबरचा कॉल सव्वासहाला सुरू होई आणि फेब्रुवारीअखेर मुंबईत सूर्य मावळतो पावणेसातच्या सुमारास. खिशातला खजूर गुपचूप तोंडात टाकून, माइक बंद करून तो पाणी पिई. नवव्या दिवशी टीमच्या प्रमुख बाईंच्या ते लक्षात आलं. कॉल संपल्यावर त्यांनी विचारलं, “उपास आहे? मग सांगितलं का नाहीस?” त्या स्वतः नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरतात. त्यांनी कॉल तासभर अलीकडे घेतला. घरी लवकर जायला मिळतं म्हणून बाकीची टीमही खूश झाली. समोर डबा उघडला तर चालेल का, असं एकाने दबकत विचारलं. त्याने सांगितलं, खुशाल खा. रोजा माझा आहे, तुमचा नाही.

त्या दिवसापासून इफ्तारला तो खाली पार्किंगमध्ये जाऊ लागला. तिथे आधीपासूनच चौघे बसत. इमारतीचे दोन सुरक्षारक्षक, सफाईचं काम करणारा एक आणि चहाच्या टपरीवरचा मुलगा. बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली ही माणसं. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर कलिंगडाच्या फोडी, भजी, भिजवलेले हरभरे, रूहअफजाची बाटली. प्रत्येकाने आपापलं आणायचं आणि मध्ये ठेवायचं. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला ‘साहब’ म्हणून बाजूला खुर्ची दिली. तो खाली बसला. गप्पांत कळलं, की ज्येष्ठ रक्षकाचा पगार त्याच्या विद्यावेतनापेक्षा जास्त आहे. त्यानंतर ‘साहब’ बंद झालं. ‘बेटा’ सुरू झालं, तोही त्यांना चाचा म्हणू लागला.

तरावीह कुठे होते, हेही चाचांनीच सांगितलं. चार इमारती पलीकडे एका दुकानाच्या गाळ्यात महिनाभर जमात होते. नकाशावर तो शोधत होता ती जागा त्याला नकाशाने दाखवली नव्हती.

एका शनिवारी खोलीतले दोघेही त्याच्याबरोबर मोहम्मद अली रोडला गेले. मिनारा मशिदीभोवतीची गर्दी, मालपुवा, मातीच्या वाटीतली फिरनी, जकेरिया मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे दिवे. मुंबईच्या रमजानची जी चित्रं आपण बघतो ती हीच. ती खोटी नाहीत. पण तिथे जाणं वर्षातून एखाद्या रात्रीचं असतं. महिन्यातले बाकीचे दिवस पार्किंगमध्ये निघतात.

मुलींचं निराळं

मुलांना निदान पार्किंग आहे. बार्शीची एक मुलगी पुण्यात सनदी लेखापालाकडे आर्टिकलशिप करते आहे. मार्च म्हणजे आर्थिक वर्षाची अखेर, सगळ्या हिशेब तपासणाऱ्यांची धांदल. वसतिगृहाचं फाटक साडेनऊला बंद होतं, त्यामुळे मोमिनपुऱ्यातला रमजान तिने फोनवरच्या व्हिडिओंत पाहिला. तरावीह ती खोलीत एकटी पढते. पण मेसच्या मावशींनी पहिल्या आठवड्यातच एक सोय लावली. रात्रीच्या जेवणातल्या दोन पोळ्या आणि भाजी डब्यात भरून त्या तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवतात. बदल्यात तिने मावशींच्या मुलाच्या फीचा अर्ज ऑनलाइन भरून दिला. मावशींना रोजाचे नियम माहीत नाहीत. मुलगी पहाटे उपाशी राहू नये, एवढं त्यांना कळतं.

पंधरा दिवस

इस्लाममध्ये मुसाफिराला सवलत आहे. आजारी किंवा प्रवासात असलेल्याने रोजे नंतर पूर्ण करावेत, असं कुरआनात सूरह अल-बकरात सांगितलं आहे. मग सहा महिन्यांसाठी आलेला विद्यार्थी मुसाफिर का? हनफी फिकहप्रमाणे एखाद्या ठिकाणी पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त राहायचा इरादा असेल, तर माणूस मुसाफिर राहत नाही. तो मुकीम, म्हणजे तिथला रहिवासी होतो. कोकणातले शाफई तर चारच दिवस धरतात. मुकीम झाला की सवलत संपली, रोजा पूर्ण, नमाज पूर्ण.

म्हणजे धर्माच्या हिशेबात ही मुलं ज्या दिवशी सहा महिन्यांचं ठरवून शहरात उतरली त्याच दिवशी तिथली झाली. शहराच्या हिशेबात मात्र भाड्याच्या करारात नाव नाही, म्हणजे सोलापूरचा हा मुलगा अजून मुसाफिरच. मालकांनी वाचलं तर असलेली जागाही जाईल, म्हणून त्याला नाव छापायचं नाही. करार संपेल तेव्हा तिघांची नावं घालणार असाल तरच आम्ही राहू, असं खोलीतल्या दोघांनी मालकांना सांगितलं आहे. मालकांनी तोंडी होकार दिला. कागद अजून व्हायचा आहे.

परक्या विद्यार्थ्याला आसरा देणं ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. गरीब मुलांनी वार लावून जेवायचं, म्हणजे आठवड्याच्या सात दिवशी सात घरी, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललं. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात समाजासमाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. दसरा चौकातलं मुस्लीम बोर्डिंग त्याची साक्ष देत आजही उभं आहे. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंक्तीला बसली. मुलगा शिकायचा तर आधी त्याला झोपायला जागा आणि जेवायला ताट लागतं, हे त्या माणसांनी ओळखलं होतं.

जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना द्यावी असं कुरआन सांगतो, त्यांत ‘इब्नुस्सबील’ म्हणजे वाटेत अडलेला प्रवासीही आहे, मग तो घरचा बरा का असेना. जकातीचा मसला ज्याने त्याने आपल्या मौलानांना विचारावा. पण त्यामागचा विचार सर्वांना घेण्यासारखा आहे. घरापासून लांब गेलेला माणूस थोड्या काळासाठी गरीबच असतो.

आणि हा हिशेब फक्त मुंबई-पुण्याने द्यायचा नाही. आपल्या सोलापुरात वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करणारे डॉक्टर कुठकुठल्या जिल्ह्यांतून आलेले आहेत. चिंचोळी एमआयडीसीत शिकाऊ कामगार आहेत. त्यांतल्या कुणाला विजापूर वेशीचा बाजार ठाऊक आहे, कुणाला नाही. ही मुलं खोली शोधायला येतात तेव्हा आपण आधी काय विचारतो, नाव की काम? मशिदींच्या जमातींनी, मंडळांनी, सोसायट्यांनी आपल्या भागात बाहेरगावची किती मुलं राहतात याची एक साधी यादी केली, तरी ईदच्या दिवशी कुणाला शीरखुर्मा न खाता ड्यूटीवर जावं लागणार नाही आणि दिवाळीत कुणाचा फराळ चुकणार नाही.

ऐरोलीच्या मुलाला ईदला दोन दिवसांची रजा मिळाली आहे. खोलीतल्या दोघांनी त्याच्याकडे कडक भाकरीच्या दोन चळती आणि शेंगाचटणीचा एक किलोचा डबा आणायची यादी दिली आहे. पार्किंगमधल्या चाचांना ईदला सुट्टी नाही. त्यांच्यासाठी अम्मी शेवया वेगळ्या बांधून ठेवणार आहे.