ठाण्याचा आकडा आणि टाक्यांचा आकडा

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास अपघात विभागात एक बाई आली. वय पस्तिशीच्या आत-बाहेर, विड्या वळायचं काम. डावा हात उजव्या हातानं सांभाळत आली. सोबत नवरा आणि सासू. "बाथरूममधी पाय घसरला की ओ साहेब," सासूनं सांगितलं. बाई गप्प.

एक्स-रे आला. मी काही हाडांचा डॉक्टर नाही, पण सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काढली की चार गोष्टी डोळ्यांना आपोआप कळायला लागतात. माणूस घसरून पडतो तेव्हा तो हात टेकतो आणि बहुतेक वेळा मनगटाजवळचं हाड मोडतं. हिचं मोडलं होतं कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं. डोक्यावर काठी येताना आपण हात आडवा धरतो, तेव्हा मार बसतो तो नेमका तिथे. अशा फ्रॅक्चरवरून मारहाण सिद्ध होत नाही, पण शंका घ्यायला पुरेशी जागा राहते. पाठीवर एक पिवळट पडलेला वळही होता, म्हणजे काही दिवसांचा जुना.

मी काय केलं? नातेवाइकांनी जे सांगितलं ते लिहिलं. 'घरात पडून दुखापत.' प्लास्टर घातलं, गोळ्या लिहिल्या, पुढचा पेशंट घेतला. बाहेर रांग होती, हे कारण खरं आहे आणि पुरेसं नाही.

आठ महिन्यांनी ती परत आली, जबडा मोडून. या वेळी शेजारीण घेऊन आली होती आणि या वेळी तिनं सगळं सांगितलं. मी विचारलं, "मागच्या वेळी का नाही बोललात?" ती म्हणाली, "तुम्ही कुठं विचारला?"

(ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. तिचं उत्तर बदललेलं नाही.)

आता प्रश्न असा, की तो पहिला मोडलेला हात देशाच्या कुठल्या आकड्यात धरला गेला? पोलिसांच्या नाही, कारण तक्रार नव्हती. आमच्याही नाही, कारण आमच्या लेखी ती घसरून पडली होती. म्हणजे त्या वर्षी त्या घरात गुन्हा घडलाच नाही.

दर वर्षी 'गुन्हेगारी वाढली' किंवा 'घटली' अशा बातम्या येतात, त्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालावरून. १९५३ पासून हा अहवाल निघतो. २०२२ सालच्या अहवालात देशभरात ५८ लाखांहून अधिक दखलपात्र गुन्हे होते, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४२२. यात मोजलेले असतात ते घडलेले गुन्हे नव्हेत, नोंदवलेले गुन्हे. घरफोडी झाली, तुम्ही ठाण्यात गेलात, एफआयआर झाला, तर एक आकडा पुढे सरकतो. 'जाऊ दे, कोण चकरा मारणार' म्हणालात तर सरकत नाही. शिवाय एकाच घटनेत चोरी, मारहाण आणि खून झाला असेल तर मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा धरतात, बाकीचे त्याच्या पोटात जातात.

आणि यात आम्हा डॉक्टरांचा हात किती आहे, हे फार लोकांना ठाऊक नसतं. भांडणात कुणी बुक्का मारला आणि नाकातून रक्त आलं, तर ती कायद्यानं साधी दुखापत. ती अदखलपात्र. ठाण्यात 'एनसी' होते, हातात एक कागद मिळतो आणि अहवालाच्या त्या मोठ्या आकड्यात ती धरली जात नाही. पण एक्स-रेत नाकाच्या हाडाला केसाएवढी चीर दिसली, तर तीच गंभीर दुखापत, तोच दखलपात्र गुन्हा आणि लगेच एफआयआर. म्हणजे देशाच्या गुन्ह्यांच्या आकडेवारीतला एक अंक रात्री दोन वाजता एक्स-रेची फिल्म दिव्यासमोर धरणारा, डोळ्यांवर झोप असलेला निवासी डॉक्टर ठरवत असतो. व्याख्याही बदलतात. तीव्र वेदना किती दिवस राहिल्या तर दुखापत गंभीर, याची मर्यादा जुन्या दंडसंहितेत २० दिवसांची होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती १५ दिवसांची झाली. मारणारा तोच आणि मारही तोच, पण खाना दुसरा.

वैद्यकीत हा घोळ आम्हाला चांगला परिचयाचा आहे. ज्या गावात रक्तदाब तपासणीचं शिबिर होतं त्या गावात त्या आठवड्यात रक्तदाबाचे रुग्ण 'वाढतात'. शेजारच्या गावात शिबिर नाही, म्हणून तिथले लोक निरोगी, असं कोणी म्हणत नाही. गुन्ह्यांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो. दर लाख लोकसंख्येमागे केरळात नोंदवले जाणारे गुन्हे बिहारच्या कितीतरी पट आहेत. म्हणून रात्री एकटीनं फिरायला केरळ जास्त धोक्याचं, असं तुम्ही मुलीला सांगाल का? २०१२ मध्ये देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ मध्ये ३३,७०७. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतरचं हे वर्ष. एका वर्षात पुरुष एक तृतीयांशानं जास्त क्रूर झाले, की बायका बोलायला लागल्या, कायद्याची व्याख्या रुंदावली आणि ठाण्यांना नोंद घेणं भाग पडलं? मला दुसरं जास्त पटतं. म्हणून एखाद्या शहराचा आकडा वाढला की लगेच तिथल्या पोलिसांना धारेवर धरण्याआधी मी थांबतो. आकडा वाढू नये म्हणून तक्रारदाराला परत पाठवणं, हे त्यापेक्षा वाईट. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात बजावलं आहे. आता हद्द कोणतीही असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. आमच्याकडे हे महत्त्वाचं, कारण रुग्ण शहरातून येतो, तालुक्यांतून येतो, धाराशिवहून येतो, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही येतो.

त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा खुनाचा. मृतदेह सहसा दडवता येत नाही, त्याला शवविच्छेदन लागतं, कागद लागतात. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले. जगभरात दोन देशांची तुलना करायची तर अभ्यासक म्हणूनच खुनांचा दर घेतात. पण खून म्हणजे हिंसेचं शेवटचं टोक. त्याआधीच्या पायऱ्या कुठे मोजायच्या?

त्या लोकांना विचारूनच मोजाव्या लागतात. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून घरोघर जाऊन 'गेल्या वर्षी तुमच्या बाबतीत काय घडलं' हे विचारणारी सर्वेक्षणं होतात, तक्रार केली असो वा नसो. आपल्याकडे त्या जातीचं सर्वांत मोठं काम झालं ते आरोग्य खात्याच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात. त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. एका घरातल्या एकाच बाईला विचारायचं, ती एकटी असतानाच. एकांत मिळत नसेल तर ते प्रश्न सोडून द्यायचे. आणि 'तुमच्यावर अत्याचार झाला का' असं पुस्तकी विचारायचं नाही. थप्पड मारली का, हात पिरगाळला का, केस ओढले का, लाथ मारली का, असं एकेक विचारायचं. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या विवाहित (किंवा पूर्वी विवाहित) बायकांपैकी २५.२ टक्के, म्हणजे चारीतल्या एकीनं, नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा कधी ना कधी सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी १४ टक्के बायकांनी कुणाची तरी मदत मागितली होती. ७७ टक्के बायकांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नाही.

ठाण्यातला आकडा आणि सर्वेक्षणातला आकडा यांच्यातली ही दरी हेच माझ्या मते विश्वासाचं खरं माप. विश्वास थेट विचारूनही मोजतात. 'लोकनीती'च्या २०१८ च्या अहवालात पोलिसांवर दाट विश्वास असल्याचं सांगणारे २५ टक्क्यांहून कमी निघाले, लष्करावर ५४ टक्के. 'इंडिया जस्टिस रिपोर्ट' पोलीस, न्यायालयं, तुरुंग आणि कायदेशीर मदत यांतली मनुष्यबळ, पैसा, रिक्त पदं मोजतो. त्याच्या २०१९ आणि २०२० च्या यादीत मोठ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. चांगलंच आहे. पण बाकांची संख्या मोजून त्यावर येऊन बसायला लोक का कचरतात, ते कळत नाही.

ते कळायला सोलापुरात लांब जावं लागत नाही. इथे 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. अशा माणसांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. गुन्हा मोजायची ही सर्वांत सोपी रीत, माणसंच मोजायची. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, वस्तीचं नाव राहिलं. तिथले एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. दगडानं पोराचं डोकं फुटलेलं, सात टाके पडले. मार खाणारा त्यांचा नातू, तरी म्हणाले, "पोलिसांत नाव नको साहेब. नाव आमचंच लागतंय." मी नियमाप्रमाणे वर्दी दिली. मला माहीत होतं की जबाब घ्यायला माणूस येईल तेव्हा ते 'खेळताना पडला' म्हणतील. तसंच झालं.

कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याचे सर्जन आहेत. तुटलेले जबडे जोडता जोडता त्यांच्या लक्षात आलं, की आपण ज्यांच्यावर उपचार करतो त्यातल्या बहुतेकांचा पोलिसांना पत्ताच नाही. त्यांनी केलं ते अगदी साधं होतं. अपघात विभागात नोंदणी करतानाच कारकून विचारायचा: मारहाण कुठे झाली, किती वाजता, कशानं. नाव-गाव वगळून ही माहिती दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिकेकडे जायची. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या दारूच्या गुत्त्यासमोर शनिवारी रात्री डोकी फुटतात हे दिसू लागलं. गस्त तिकडे वळवली, काचेचे ग्लास बदलले. तशाच इतर शहरांच्या तुलनेत हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी झालं, असा अभ्यास २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. गंमत पुढे आहे. त्याच काळात पोलिसांकडे किरकोळ मारहाणीच्या नोंदी वाढल्या. जखमा कमी, तक्रारी जास्त. नुसता ठाण्याचा आकडा पाहणारा म्हणाला असता, कार्डिफ बिघडलं.

आपल्याकडे हे जमेल का? कागद तर आधीच आहे. प्रत्येक सरकारी अपघात विभागात एमएलसीचं जाड रजिस्टर असतं. त्यात वेळ असते, हत्यार असतं. जागा 'राहत्या घरी' किंवा 'रस्त्यावर' एवढ्यावर भागवलेली असते. तिथे चौकाचं, कारखान्याचं, ढाब्याचं नाव लिहायला दहा सेकंद लागतील. अडचण दुसरी आहे. घरातल्या हिंसेत जागा सांगणं म्हणजे घर सांगणं, तिथे कार्डिफचा नकाशा चालत नाही. तिथे बोलायला माणूस लागतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'सेहत' संस्था आणि महापालिकेनं 'दिलासा' केंद्र सुरू केलं ते यासाठीच. मारहाणीची बाई आधी दवाखान्यात येते, ठाण्यात नंतर किंवा कधीच नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. तिथे समुपदेशक तिच्याशी बोलते, तक्रार करायची की नाही हे तिच्यावर सोडते.

मी माझ्यापुरतं एक केलं आहे. हात, जबडा, बरगडी मोडलेली बाई आली की सोबतच्या लोकांना एक्स-रेची पावती करायला पाठवतो. ती पाच-सात मिनिटं मिळतात. तेलुगू किंवा कन्नड येणारी सिस्टर जवळ उभी राहते. मी विचारतो, कुणी मारलं का. पहिल्यांदा बहुतेक जणी नाही म्हणतात. मग विचारतो, हात असा वर केला होता का, आणि स्वतःचा हात कपाळासमोर आडवा धरून दाखवतो.

मागच्या आठवड्यात पाच जणींना विचारलं. दोघींनी हो म्हटलं, त्यांपैकी एकीनं तक्रार द्यायची तयारी दाखवली. दोघी नाही म्हणाल्या. पाचवीनं माझ्या आडव्या हाताकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "लिवणार का तुम्ही?"