कानाच्या मापाची टोपी

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



कानटोपी हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें थंडीच्या दिवसांतील लोकरी टोपी उभी राहते. मी आज जिच्याविषयीं बोलणार आहें ती टोपी कानावर चढत नाहीं, कानाच्या आंत शिरते. मोबाइलवरील गाणें ऐकण्यासाठीं जे चिमुकले इअरफोन आपण कानांत घालतों, त्यांच्या तोंडाशीं करंगळीच्या टोंकाएवढी एक मऊ टोपी असते. दुकानदार तिला इअरटिप म्हणतात. इतक्या क्षुल्लक वस्तूवर बोलण्यासारखें काय आहे, असें आपणांस वाटेल.

मलाहि तसेंच वाटत होतें. माझ्या पुतण्यानें नवे इअरफोन घेतले, आणि आठच दिवसांत तो कुरकुर करूं लागला. “काका, तबला नुसता टकटक वाजतो. डग्गा ऐकूंच येत नाहीं. पैसे पाण्यांत गेले!” गाणें भरदार वाटावें म्हणून तो आवाज वाढवीत असे, आणि लोकल गाडीनें कॉलेजांत जाऊन घरीं परत येईपर्यंत त्याच्या कानांत बारीक किणकिण सुरू होई. तो यंत्र परत करावयास निघाला तेव्हां मीं सहज त्याची डबी उघडून पाहिली. लहान व मोठ्या मापाच्या टोप्यांच्या दोन जोड्या आंत तशाच पडून होत्या. कारखान्यानें चढवून दिलेली मध्यम जोडीच त्यानें कानांत घातली होती. उजव्या बाजूस मोठी टोपी चढविली मात्र, आणि डग्गा घुमूं लागला. डाव्या कानास मध्यम टोपीच बरोबर होती. दोष यंत्रांत नव्हता, एका टोपींत होता.

असें कां व्हावें? प्रथम कानाची रचना पाहूं. कानाची नळी म्हणजे सरळ भोंक नव्हे. प्रौढ माणसांत ती सुमारें २५ मिलिमीटर लांब व सुमारें ७ मिलिमीटर रुंद असते. तिला नागमोडी वळण असतें, आणि तिचा छेद वाटोळा नसून बहुधा लंबगोल असतो. बाहेरचा सुमारें एक-तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणून लवचिक असतो. आंतला भाग हाडाचा, आणि त्यावरील त्वचा अत्यंत पातळ व हळवी. जबडा हलला कीं बाहेरच्या भागाचा आकार थोडा बदलतो. शिवाय एकाच माणसाचे दोन कान पुष्कळदां सारखे नसतात. पायांत जोडा घालतांना आपण चालून पाहतों. कानाच्या बाबतींत मात्र कारखान्यानें दिलें तें मुकाट्यानें घालतों.

डॉक्टरांचा स्टेथॉस्कोप आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याच्या कानांत जाणाऱ्या नळ्या किंचित् पुढें, नाकाच्या दिशेनें, वळविलेल्या असतात. कानाची नळी आंत जातांना पुढें झुकते, हें त्याचें कारण. स्टेथॉस्कोप उलटा घातला तर नळ्यांचीं तोंडें नळीच्या भिंतीवर टेंकतात आणि छातीचे ठोके नीट ऐकूं येत नाहींत. इअरफोनचेंहि तसेंच आहे. १९९१ सालीं अमेरिकेंतील एटिमोटिक रिसर्च या संस्थेनें ईआर-४ हा इअरफोन काढला. तिचे संस्थापक मीड किलियन हे श्रवणशास्त्राचे अभ्यासक. कानांत खोल बसणारी तिपदरी टोपी हें त्या इअरफोनचें एक मुख्य अंग होतें.

आतां डग्गा कां हरवतो तें पाहूं. टोपी नीट बसली म्हणजे ती व कानाचा पडदा यांच्यामध्यें हवेचा एक बंदिस्त खिसा तयार होतो. इअरफोनमधील पडदा ही हवा दाबतो व सोडतो, आणि तो दाब आपल्या कानाच्या पडद्यास जाणवतो. खर्जाच्या स्वरांत हें दाबणें-सोडणें सावकाश चालतें, तार स्वरांत फार जलद. सायकलच्या पंपाचें कातडी वायसर झिजलें म्हणजे काय होतें, हें आठवा. दांडा हळूहळू दाबला तर हवा बाजूनें निसटून जाते आणि ट्यूबमध्यें कांहींच शिरत नाहीं. झटकन् दाबला तर निसटण्यास अवधि मिळत नाहीं आणि थोडी तरी हवा आंत जाते. टोपीच्या कडेस फट राहिली कीं नेमकें हेंच घडतें. सावकाश चालणारा खर्ज फटींतून निसटतो आणि जलद स्वर मागें उरतात. डग्गा जातो, टकटक राहते.

तेव्हां परीक्षा कशी करावी? तबला-तंबोऱ्याची साथ असलेलें आपल्या ओळखीचें एखादें गाणें मध्यम आवाजांत लावावें. मग बोटानें इअरफोन अगदीं हलकेच आंत दाबावा. दाबल्याबरोबर डग्गा भरून आला आणि बोट काढतांच तो ओसरला, तर फट आहे असें समजावें. दुसरी खूण आपल्या स्वतःच्या आवाजाची. शाहीर कानावर हात ठेवून सूर लावतो, तेव्हां त्याला स्वतःचा आवाज अधिक भरीव ऐकूं येतो. टोपी नीट बसली असतां आपलें बोलणें, चावणें, पावलांचा धपधप आवाज असाच माठांतून आल्यासारखा वाटतो. तो एकाच कानांत वाटला तर दुसऱ्या कानाचें माप चुकलें आहे. शेवटीं जबडा हलवून व मान डोलावून पाहावें. २०१९ सालीं निघालेल्या एअरपॉड्स प्रो या इअरफोनांत ही परीक्षा यंत्रच करतें: तें एक ध्वनि वाजवितें आणि आंतल्या बाजूचा मायक्रोफोन तो ऐकून टोपी बसली कीं नाहीं हें सांगतो. त्याच्यासोबत प्रथम तीन मापें मिळत. २०२२ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत आणखी एक लहान माप घालावें लागलें.

टोपी लहान असेल तर ती आंत सरकते, सैल वाटते आणि खर्ज हरवतो. मोठी असेल तर ती बाहेर ढकलली जाते, तिच्या कडा दुमडून पुन्हा फट पडते, आणि अर्ध्या तासांत कान ठणकूं लागतो. म्हणून मोठी टोपी ती चांगली, असें नव्हे. प्रत्येक कानावर सर्व मापें करून पाहावीं, आणि दोन कानांस दोन मापें लागलीं तर लाजूं नये.

माप बरोबर असूनहि घालण्याची रीत चुकते. विरुद्ध बाजूचा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळ वर व मागें ओढावी, म्हणजे नळी बरीचशी सरळ होते. मग टोपी किंचित् फिरवीत आंत सारावी. काढतांना एकदम ओढूं नये. त्यानें पडद्यावर ताण येतो. हळू फिरवीत काढावी.

कांहीं कानांस सिलिकॉनची टोपी कशीहि मानवत नाहीं. त्यांच्यासाठीं फोमची टोपी असते. ती बोटांत चुरून बारीक करावी, कानांत घालावी आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावी. ती नळीचाच आकार घेते. मात्र ती लवकर मळते व झिजते, म्हणून बदलावी लागते. सिलिकॉनची टोपी इअरफोनवरून काढून कोमट साबणपाण्यानें धुवावी व पुरती वाळवावी. नवी टोपी घेतांना यंत्राच्या नळीची जाडी जुळते ना, हें अवश्य पाहावें. सैल टोपी कानांतच राहून जाते. तसें झालें तर केसांची पिन घालून कोरूं नये, डॉक्टरांकडे जावें. ज्यांचा कान वाहतो किंवा पडद्यास छिद्र आहे, त्यांनीं त्यांच्या सल्ल्यावांचून टोपी कानांत घालूंच नये.

आतां शेवटची आणि खरी महत्त्वाची गोष्ट. डग्गा ऐकूं आला नाहीं तर तेवढें गाणें बिघडेल. पण माझा पुतण्या जें करीत होता तें अनेक घरांत चाललें आहे. फट असली म्हणजे गाडीचा खडखडाट आंत येतो, खर्ज बाहेर जातो, आणि दोहोंची भरपाई म्हणून आवाज चढविला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणें ८० डेसिबलचा आवाज प्रौढानें आठवड्यांत ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ३ डेसिबलनें वाढला कीं ही मुदत निम्मी होते: ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. आपल्या अंतःकर्णांत ध्वनि ग्रहण करणाऱ्या ज्या केसाळ पेशी आहेत, त्या एकदां मेल्या कीं माणसाच्या शरीरांत पुन्हा उगवत नाहींत. नीट बसलेली टोपी बाहेरचा गोंगाट बराच अडविते, म्हणून कमी आवाजांतहि गाणें पुरतें.

अर्थात् हाच गुण रस्त्यावर अवगुण ठरतो. रस्ता किंवा रेल्वेचे रूळ ओलांडतांना दोन्ही कान मोकळे असावे. तेथें गाण्यापेक्षां गाडीचा भोंगा ऐकूं येणें अगत्याचें आहे.

माझा पुतण्या आतां पूर्वीपेक्षां पुष्कळ कमी आवाजांत गाणें ऐकतो, आणि ती किणकिण थांबली आहे. ती थांबली हें त्याचें नशीब. प्रत्येकाची थांबतेच असें नाहीं. आज घरीं गेल्यावर, किंवा घरींच असाल तर आतांच, इअरफोनची डबी उघडून पाहा. न वापरलेल्या टोप्या बहुधा आंत असतील. आपल्या मुलांना हांक मारा, आणि दोन्ही कान एकेक करून तपासा.