संगणकाची पहिली भाषा

शाळेत संगणक आला, टेबलावर मांडला गेला आणि पडद्यावर उजेड पडला, की शिक्षकापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. चित्रे रंगविणे व अक्षरे टंकणे यांच्या पलीकडे जाऊन मुलांकडून स्वतः आज्ञावली रचून घ्यावयाची, तर ती कोणत्या भाषेत? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावली-लेखनाचे उपक्रम सुचविलेले असल्याने हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी खासगी वर्गांच्या फलकांवर सी, जावा, पायथन अशी नावे झळकतात आणि पालक शाळेत येऊन विचारतात, "गुरुजी, नोकरी कशाने लागते?" त्यांचा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु अकरा वर्षांच्या मुलाला नोकरी लागावयास आणखी दहा वर्षे जावयाची असतात, आणि तेवढ्या अवधीत या क्षेत्रातील बाजार एकदा तरी पालटल्यावाचून राहत नाही. तेव्हा बाजारभाव पाहून पहिली भाषा निवडणे म्हणजे पेरणीच्या आधीच आडत्याकडे जाण्यासारखे आहे.

पहिल्या भाषेची कसोटी निराळी आहे. मुलाच्या मनातील विचार आणि पडद्यावर दिसणारा परिणाम यांच्यामध्ये ती भाषा किती अडसर घालते, आणि मूल चुकले असता त्याची चूक त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते की नाही, एवढेच पाहावयाचे. हे न पाहिल्यास होणारी हानी लहान नसते. ज्या शाळेत संगणक एक, मुले चाळीस आणि विजेचा भरवसा नाही, तेथे एका मुलाच्या वाट्याला आठवड्यातून जेमतेम दहा-पंधरा मिनिटे येतात. ती मिनिटे एका विसरलेल्या चिन्हापायी वाया गेली, की मूल भाषेला दोष देत नाही, स्वतःला देते. "मला हे जमत नाही" असे एकदा मनाशी ठरले, की पुढे ते उपटून काढणे किती अवघड असते, हे गणित शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे.

अडसर म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पडद्यावर 'नमस्कार' एवढा एक शब्द उमटवावयाचा आहे. जावा भाषेत त्यासाठी, रूढ पद्धतीप्रमाणे, प्रथम एक वर्ग घोषित करावा लागे. मग 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' ही पदावली, तिच्यापुढे कंस व कंसात आणखी काही, महिरपी कंसांच्या दोन जोड्या आणि विधानाच्या शेवटी अर्धविराम. यांतील एकाही शब्दाचा अर्थ त्या दिवशी मुलास सांगता येत नाही. "हे असेच लिहावयाचे असते" असे सांगून वेळ मारून न्यावी लागते, आणि जी शाळा पाठांतराविरुद्ध झगडत असते तिने नव्या विषयाचा श्रीगणेशा पाठांतराने करावा, असा विपरीत प्रकार घडतो. नवशिक्यांची ही अडचण जावाच्या कर्त्यांनाही अखेर मान्य करावी लागली व २०२५ मधील आवृत्तीत हा जामानिमा पुष्कळ कमी करण्यात आला. सी भाषा १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविली, ती यंत्रणेच्या पोटात शिरून काम करणाऱ्या तज्ज्ञांसाठी. त्या कामी ती आजही उत्तम आहे. परंतु तिच्यात साताला दोनाने भागल्यास उत्तर तीन येते, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागताना ती अपूर्णांक टाकून देते. साडेतीन हे उत्तर नुकतेच फळ्यावर सोडवून आलेल्या मुलाला हे कसे समजवावे?

नवशिक्यांसाठी निराळी भाषा असावी हा विचार नवा नाही. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी बेसिक नावाची भाषा तयार केली आणि १ मे १९६४ रोजी पहाटे तिच्यातील आज्ञावली प्रथम चालली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. त्या काळी छिद्रे पाडलेली पत्रे संगणकगृहात देऊन उत्तरासाठी तासन्‌तास थांबण्याची रीत होती. डार्टमथच्या विद्यार्थ्याला मात्र टंकयंत्रापाशी बसल्या बसल्या उत्तर मिळू लागले. चूक केली आणि तत्काळ कळली, हा लाभ भाषेच्या शब्दांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक मोलाचा ठरला. पुढे १९७५ मध्ये डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने बेसिकवर कडक टीका केली. ज्यांनी आधी बेसिक गिरविली त्यांना चांगले आज्ञावली-लेखन शिकविणे जवळजवळ अशक्य, असा त्यांचा आशय होता. टीकेत अतिशयोक्ती होती. बेसिकवर हात बसलेली मुले पुढे मोठमोठी कामे करताना जगाने पाहिली आहेत. पहिल्या भाषेने लागलेल्या वाईट सवयी सुटू शकतात. पहिल्या भाषेने आलेली धास्ती मात्र सहसा सुटत नाही.

शिक्षकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे पाऊल १९६७ मध्ये पडले. वॉली फोयरझाइग, सिमोर पेपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनी खास मुलांसाठी लोगो ही भाषा रचली. पेपर्ट यांनी जिनिव्हा येथे प्रसिद्ध बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्याजवळ काही वर्षे काम केले होते, आणि मूल स्वतः काही घडवीत असता ज्ञानही घडविते ही श्रद्धा त्यांनी तेथून आणली होती. लोगोमध्ये पुढे एका कासवाची भर पडली. 'पुढे शंभर', 'उजवीकडे नव्वद' असे सांगितले, की कासव तसे चाले व मागे रेघ सोडी. एवढ्या सामग्रीवर भूमितीचा मोठा भाग उभा राहू शकतो.

यातील एक पाठ कोणत्याही शाळेला संगणक नसतानाही करून पाहता येईल. अंगणात एका मुलाला कासव करावे व दुसऱ्याने त्यास आज्ञा द्याव्यात. दहा पावले पुढे, उजवीकडे नव्वद अंश, असे चार वेळा झाले, की चौरस पुरा होऊन कासव मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून उभे राहते. "चार वेळा तेच सांगावयाचे, तर एकदाच सांगून चारदा कर असे का म्हणू नये?" हे एखादे मूल आपण होऊन सुचविते, आणि पुनरावृत्ती ही आज्ञावलीतील मुख्य कल्पना व्याख्येवाचून वर्गात येते. आता समभुज त्रिकोण काढण्यास सांगावे. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे पुस्तकात वाचलेले असल्याने बहुतेक मुले साठ अंश वळावयास सांगतात. कासव तीन बाजू चालून जाते आणि आकृती उघडीच राहते. आणखी तीन बाजू चालविल्यास षट्कोन होतो. कोन तर बरोबर होता, मग चुकले कोठे? येथे शिक्षकाने उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. कासव झालेला मुलगाच थोड्या वेळाने म्हणेल, की त्याला आतला कोन वळावयाचा नाही, सरळ जाण्याची दिशा सोडून बाहेरच्या बाजूने वळावयाचे आहे, म्हणजे एकशेवीस. तीन वेळा एकशेवीस, चार वेळा नव्वद, सहा वेळा साठ. प्रत्येक वेळी बेरीज तीनशेसाठच. बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांचा सिद्धान्त अशा रीतीने मुलाच्या पायांतून त्याच्या डोक्यात जातो. आणि चूक करणे ही लाजेची बाब नसून शोधाची सुरुवात आहे, हेही तो न सांगता शिकतो.

लोगो आज शाळांतून क्वचितच दिसते, पण तिचे कासव जिवंत आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. येथे मिचेल रेस्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली स्क्रॅच ही लोगोच्याच घराण्यातील आहे. हिच्यात आज्ञा टंकावयाच्या नसतात. रंगीत ठोकळ्यांच्या रूपाने त्या तयार असतात व एकाखाली एक जोडावयाच्या असतात. जे ठोकळे एकमेकांस जुळत नाहीत ते चिकटतच नाहीत, म्हणून चिन्ह विसरल्याची चूक येथे संभवत नाही. होते ती चूक विचाराची, आणि शिक्षकाला नेमकी तीच हवी असते. स्क्रॅच विनामूल्य आहे, एकदा संगणकावर बसविल्यावर तिला इंटरनेट लागत नाही आणि ठोकळ्यांवरील शब्दांसाठी सत्तराहून अधिक भाषांची सोय केलेली आहे. ठोकळ्यांवरील शब्द इंग्रजीत असले, तरी त्यांचे मराठी प्रतिशब्द मुलांकडूनच ठरवून एका तक्त्यावर भिंतीला लावता येतील. पाचवी ते सातवीच्या मुलांना याहून सोयीची सुरुवात नाही. मुले मांजराला नाचविण्यातच तास घालवितात, अशी एक तक्रार ऐकू येते. तीत तथ्य आहे. परंतु तो दोष भाषेचा नसून, मुलापुढे सोडविण्याजोगा प्रश्न न ठेवल्याचा आहे.

आठवीच्या पुढील विद्यार्थ्यास आणि स्वतः शिकू इच्छिणाऱ्या शिक्षकास पायथन ही भाषा घ्यावी. नेदरलँड्समधील ग्विडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळात तिची रचना आरंभली व १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यापूर्वी ते एबीसी नावाच्या, नवशिक्यांसाठीच योजलेल्या भाषेच्या कामात होते. पायथनचा सुटसुटीतपणा बराचसा तेथून आला. 'नमस्कार' उमटविण्यास येथे 'प्रिंट' ही एक आज्ञा व कंसात अवतरणचिन्हांसह तो शब्द, एवढे पुरते. सात भागिले दोन साडेतीनच येतात. चार वेळा करावयाच्या गोष्टी थोड्या आत सरकवून लिहावयाच्या असतात, त्यामुळे कोणते वाक्य कोणाच्या पोटातले हे डोळ्यांना दिसते. तिच्यासोबत कासवही मिळते, तेव्हा अंगणातील त्रिकोण तसाच पडद्यावर काढता येतो. विंडोज संगणकावर पायथन बसविली, की आयडल नावाचे लेखनसाधनही बरोबर येते. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

मराठी मुलांच्या काही खास अडचणी मात्र शिक्षकाने आधीच जाणून असाव्यात. देवनागरीत लहान व मोठी अशी दोन प्रकारची अक्षरे नाहीत. म्हणून 'प्रिंट' या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर मोठे टंकले तर काय बिघडले, हे मुलाला उमगत नाही; पायथनला मात्र तो शब्द अनोळखी वाटतो. दुसरी अडचण बेरजेची. कळपाटीवरून पाच आणि सात घेऊन त्यांची बेरीज करावयास सांगितली, तर उत्तर सत्तावन्न येते. मुले हसतात, आणि हसू द्यावे. टंकून आलेली गोष्ट पायथन अक्षरे म्हणून घेते, व अक्षरांची बेरीज म्हणजे ती शेजारी शेजारी मांडणे. 'इंट' या आज्ञेने त्यांची संख्या केली, की बारा मिळतात. याच ठिकाणी एक आनंदाची गोष्ट सांगावयाची आहे. मुलाने पाच व सात हे आकडे देवनागरीत टंकले, तरी 'इंट' त्यांना संख्या म्हणून ओळखते. उत्तर तेवढे इंग्रजी आकड्यांत उमटते. संख्या साठविण्याच्या जागांना 'बेरीज', 'वय', 'पाऊस' अशी मराठी नावे देवनागरीतच देता येतात, ही मुभा २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून आहे. जुनी पुस्तके वापरताना त्यांत दुसरी आवृत्ती शिकविलेली नाही ना, हे पाहून घ्यावे. तिचा सांभाळ २०२० च्या आरंभी थांबला असून तिच्यातील कित्येक उदाहरणे आता चालत नाहीत.

अलीकडे मागणी करताच यंत्रच आज्ञावली लिहून देते, मग हे सारे कशाला, अशी शंका काही शिक्षक घेतात. कोष्टक मिळाले म्हणून पाढे सोडून दिलेल्या मुलाला कोष्टकातील छपाईची चूक कधीच सापडत नाही. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे ठरवावयास ते वाचता यावे लागते, आणि वाचावयास सोपी हा पायथनचा मोठा गुण आहे.

एकदा निवडलेली भाषा निदान एक वर्ष तरी बदलू नये. शेजारच्या शाळेत दुसरी भाषा सुरू झाली, किंवा प्रशिक्षणाहून येताना नवे नाव कानी पडले, म्हणून मध्येच घोडे बदलल्यास मुलांच्या हाती दोन्हींची केवळ अक्षरओळख राहते. स्क्रॅचमधून पायथनकडे जाण्याची वेळ आली म्हणजे पहिल्या दिवशी नवा विषय घेऊ नये. मुलाने ठोकळ्यांनी काढलेला तोच त्रिकोण त्याच्या समोर ठेवावा, तोच पायथनच्या कासवाकडून काढवून घ्यावा, आणि दोन्ही आज्ञावल्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहून कोणता ठोकळा कोणत्या ओळीत गेला हे त्यालाच खडूने रेघा ओढून दाखवावयास सांगावे.