नासाकोटरांच्या दुर्बिणीतील शस्त्रक्रियेसाठी मेजाची सिद्धता

पोटाच्या शस्त्रक्रियेत रक्त साचले तर ते टिपून काढता येते. शल्यचिकित्सकाची दृष्टी तोपर्यंत जखमेच्या बाहेर सुरक्षित असते. नासाकोटरांच्या, म्हणजेच रुग्णांच्या बोलीतील सायनसच्या, दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेत ही सोय नाही. येथे दृष्टीच नाकपुडीतून आत गेलेली असते, आणि ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या टोकावर रक्ताचा एक थेंब बसला की सारे क्षेत्र दिसेनासे होते. एका अंगास कागदासारख्या पातळ हाडापलीकडे डोळा व वरच्या अंगास कवटीचा तळ, हे ध्यानी घेता असे अंधत्व परवडणारे नाही. मेजाची सारी सिद्धता, काही अंशी रुग्णाच्या मेजाचीसुद्धा, याच अडचणीतून निघालेली आहे.

हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या दंडाकृती भिंगांनी दुर्बीण तेजस्वी केली. ग्राझ येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी तिच्या आधारे नाकातील श्लेष्म्याचे स्वाभाविक मार्ग अभ्यासून १९७८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोटर खरवडून काढण्याऐवजी त्याचे तोंड मोकळे करावे, हा विचार तेथून रूढ झाला. म्हणूनच मेजावरील हत्यारे बारीक, वाकडी व नेमकी कापणारी असतात. शून्य अंशाची दुर्बीण प्रथम हाती दिली जाते. ३०, ४५ व ७० अंशांच्या बाजूस तयार ठेवाव्यात. फ्रीअरचे उचलणे, विळ्याच्या आकाराची सुरी, मागे कापणारा चिमटा, ब्लेकस्ली चिमटे सरळ व वर वळलेले, आणि वाकड्या शोषणनळ्या अशी मांडणी कामाच्या क्रमाने केल्यास शल्यचिकित्सकास पडद्यावरून नजर न हलविता हात पुढे करता येतो.

या हत्यारांच्या पोकळ नळ्यांत रक्त सुकून बसले तर वाफ तेथवर पोहोचत नाही. म्हणून निर्जंतुकीकरणापूर्वी कुंचल्याने धुणे हे खरे काम होय, यंत्र त्यानंतरचे. दुर्बीण वाफेस टिकणारी आहे किंवा नाही हे निर्मात्याच्या सूचनेवरून ठरवावे. तापलेली दुर्बीण घाईने थंड पाण्यात बुडविल्यास भिंगांचे सांधे उकलून आत ओल शिरते आणि प्रतिमा कायमची धुरकट होते. ग्लुटराल्डिहाइडमध्ये ठेवलेले उपकरण निर्जंतुक पाण्याने पुरेपूर धुतलेले असावे, अन्यथा त्याचा अंश नाजूक श्लेष्मलत्वचेस दाह करतो.

मेजावरील सर्वांत धोक्याची वस्तू मात्र हत्यार नव्हे. रक्तस्राव आवरण्यासाठी येथे ॲड्रेनॅलीन दोन रूपांत वापरतात. एक १:१००० प्रमाणाचे द्रावण, पट्ट्या भिजवून नाकात ठेवण्यासाठी. दुसरे लिग्नोकेनबरोबर १:१००,००० प्रमाणाचे, टोचण्यासाठी. पहिल्याच्या एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, दुसऱ्यात १० मायक्रोग्रॅम. म्हणजे अंतर शंभरपटीचे. दोन्ही पाण्यासारखी रंगहीन, दोन्ही एकाच मेजावर. पहिले चुकून टोचले गेल्यास रक्तदाब उसळतो, हृदयाची लय बिघडते, फुप्फुसांत पाणी भरते; अशा दुर्घटनांची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. केवळ चिठ्ठ्या चिकटविण्याचा उपाय अपुरा वाटतो, कारण ओल्या हातांनी घाईत कोणी चिठ्ठी वाचत नाही. लेबले हवीतच, परंतु त्याहून खात्रीचे हे की, पट्ट्यांचे द्रावण पिचकारीत कधीच भरू नये. ते उघड्या वाटीत ओतावे, पट्ट्या लगेच त्यात टाकाव्यात, आणि वाटी शक्यतो टोचण्याचे काम संपल्यावरच मेजावर यावी. काही ठिकाणी फ्लुरोसिनचा थेंब घालून ते पिवळे करतात. ही युक्ती अनुकरणीय होय. मात्रा उच्चारतानाही 'एकास हजार' म्हणण्यापेक्षा मिलिग्रॅममध्ये बोललेले बरे. शून्ये कानाला सारखीच वाटतात.

रुग्णाचे मेज डोक्याकडून सुमारे १५ ते २० अंश वर उचलले असता शिरांतील दाब उतरतो व क्षेत्र कोरडे राहते. चेहरा झाकताना दोन्ही डोळे मात्र उघडे, दिसतील असे ठेवावेत. डोळा पुढे येऊ लागला, कठीण लागला किंवा बाहुली पसरली तर खोबणीत रक्त साचत आहे असे समजावे. पापणीचा बाहेरचा कोपरा छेदून दाब कमी करण्याची कात्री व चिमटा त्यासाठी मेजाच्या कडेस वेगळे बांधून ठेवलेले असावेत. त्या घटकेस कपाटात शोधाशोध करणे म्हणजे दृष्टी गमावणे. सीटी-स्कॅनच्या प्रतिमा शल्यचिकित्सकाच्या नजरेसमोर, डाव्या-उजव्याची खूण तपासून, आधीच लावाव्यात.

प्रकाशतंतूचे टोक चादरीवर विसावले की कापड जळते. म्हणून दुर्बीण हाती नसताना दिवा मंद करावा. नाकातील पट्ट्यांना दोरे असावेत व त्या मोजून द्याव्यात. घशातील पट्टी घातल्याबरोबर फळ्यावर लिहावी. नळी काढण्यापूर्वी भूलतज्ज्ञाने ती मोठ्याने विचारावी आणि मेजावरील परिचारिकेने ती बाहेर आलेली हातात धरून दाखवावी. विसरलेली पट्टी श्वासमार्ग बंद करते, आणि हे तेव्हा घडते जेव्हा सारे जण हातमोजे काढत असतात.