लोकर घेणारा कोण?

रिद्धपूर ही महानुभावांची काशी. गोविंदप्रभूंचं हे गाव. म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते इथल्या वाजेश्वरीत, आणि महदाइसेचे धवळेही इथलेच. मराठी भाषा विद्यापीठ आता याच गावी सुरू झालं आहे. शेळीपालनाच्या लेखात हे सगळं आणायचं कारण एकच. या गावात जनावर पाळण्याचा विचार निघाला की तो नफ्या-तोट्यापाशी थांबत नाही. शिकाऱ्यांच्या तावडीतून निसटलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो आणि स्वामी त्याला अभय देतात, ही लीळा इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. अशा घरातल्या मुलाला कुणी शेळीपालनाची योजना समजावून सांगितली, तर त्याचा पहिला प्रश्न अनुदानाचा नसतो. बोकड शेवटी कुणाला विकायचा, हा असतो.

म्हणूनच अल्पाकाचं आकर्षण मला समजतं. लांब मानेचं, मऊ अंगाचं हे जनावर वर्षातून एकदा भादरायचं आणि लोकर विकायची. जीव घ्यायचा नाही, रक्त सांडायचं नाही. अमेरिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या कुटुंबाने चार अल्पाकांपासून सुरुवात करून आता चाळीस केले, असे व्हिडिओ गावोगावच्या मोबाइलवर फिरतात. मोर्शी तालुक्यात संत्र्याच्या बागांखालचं पाणी दरवर्षी खोल जातंय. तिथल्या शेतकऱ्याने जोडधंदा शोधताना असं काही पाहून थांबावं, यात नवल नाही. या विचाराला हसण्यावारी नेऊ नये, तो नीट तपासावा, एवढ्यासाठी हा लेख.

अल्पाका मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. पेरू, बोलिव्हिया आणि चिलीच्या साडेतीन ते पाच हजार मीटर उंचीच्या गवताळ पठारांवर माणसाने तो सहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवला. तो लामाच्या नव्हे, तर विकुनाच्या वंशातला, हे २००१ मधल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं. जगातले बहुसंख्य अल्पाका आजही पेरूतच आहेत. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. जुळं अगदी क्वचित. एका जनावराची वर्षाची लोकर साधारण दोन ते तीन किलो. म्हणजे दहा जनावरांची पंचवीस किलो, आणि तीही न निवडलेली, न धुतलेली. पोटाखालची आणि पायाची जाडी लोकर वेगळी काढावी लागते, धुण्यात आणखी वजन जातं. पेरूत आरेकिपा शहरातल्या गिरण्या हे काम टनांच्या हिशेबात करतात. पंचवीस किलोसाठी गिरणीचं यंत्र कुणी चालू करत नाही.

हवामानाचा प्रश्न त्याहून कठीण. परदेशातले अल्पाकापालक एक ठोकताळा वापरतात: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करायची. ती दीडशेच्या पुढे गेली की जनावराकडे लक्ष ठेवायचं, एकशेऐंशीला पोचली की धोका. वऱ्हाडाला हा हिशेब लावला तर वेगळंच चित्र दिसतं. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियस, म्हणजे ११३ फॅरनहाइट, आणि आर्द्रता पंधरा-वीस टक्के. बेरीज होते १३० च्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३१ वर, म्हणजे ८८ फॅरनहाइटवर उतरतो, आपल्याला हायसं वाटतं, पण आर्द्रता ८५ टक्के असते आणि बेरीज १७० च्या वर जाते. (मे महिन्याचं ऊन त्याला सोसेल, असा याचा अर्थ मुळीच नाही. पंचेचाळीस अंशांत तर कोणत्याच आकडेमोडीची गरज उरत नाही.) म्हणजे उन्हाळ्यात लोकर काढून सावलीत, ओल्या वाळूवर कसंबसं जपलेलं जनावर पुढे पावसाळ्यातल्या दमटपणात धापा टाकणार. शिवाय जिवंत जनावर परदेशातून आणायचं तर १८९८ चा पशुधन आयात कायदा आहे, केंद्राची परवानगी आहे, विलगीकरण आहे. अल्पाका एकटादुकटा राहतही नाही. कळपापासून वेगळा ठेवला की खंगतो.

आपल्या आजोबा-पणजोबांना अल्पाका ठाऊक होता तो कोटामुळे. वकिलांचे काळे, हलके, चकचकीत अल्पाकाचे कोट जुन्या छायाचित्रांत दिसतात. त्या कापडामागे टायटस सॉल्ट हा इंग्रज गिरणीमालक होता. कुणाला नको असलेल्या अल्पाका लोकरीच्या गासड्या त्याने १८३६ च्या सुमारास उचलल्या, त्यापासून कापड बनवण्याची रीत बसवली, आणि १८५३ मध्ये ब्रॅडफर्डजवळ सॉल्टेअर नावाचं गिरणीगाव उभं केलं. इथे आधी गिरणी आली आणि लोकरीला मोल नंतर आलं. हा क्रम पुढे अनेकांनी उलटा केला.

पहिला चार्ल्स लेजर. पेरूने जिवंत अल्पाका बाहेर नेण्यावर बंदी घातली होती. याने चोरवाटांनी, बर्फाळ घाटांतून कळप हाकत नेला आणि १८५८ च्या नोव्हेंबरमध्ये अडीचशेच्या वर जनावरं सिडनीच्या बंदरात उतरवली. तिथल्या सरकारला मोठी आशा होती. पाच-सहा वर्षांत उत्साह ओसरला आणि कळप मोडीत निघाला. (याच लेजरने पुढे सिंकोनाचं बी डचांना विकलं आणि जावा बेटावर कोयनेलचा धंदा उभा राहिला.) ऑस्ट्रेलियात अल्पाका खऱ्या अर्थाने रुजला तो सव्वाशे वर्षांनी, १९८० च्या दशकाअखेरीस नव्याने आयात झाल्यावर.

अमेरिकेत १९८४ पासून आयात सुरू झाली. १९९८ मध्ये तिथल्या नोंदणीसंस्थेने बाहेरून येणाऱ्या जनावरांना दार बंद केलं. जनावरं थोडी, हौस फार. एकेका मादीला हजारो, कधी दहा-वीस हजार डॉलर मोजले जाऊ लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टीना सेटोन आणि रिचर्ड सेक्स्टन या कृषी-अर्थशास्त्रज्ञांनी तेव्हाच हिशेब मांडून दाखवला की लोकरीच्या कमाईतून ही किंमत कधीच वसूल होणार नाही. कुटुंबं कमवत होती ती दुसऱ्या नव्या कुटुंबाला पैदाशीची जनावरं विकून. २००८ च्या मंदीनंतर नवी कुटुंबं यायची थांबली आणि भाव कोसळले. जिवापाड जपलेली जनावरं काहींना फुकट देऊन टाकावी लागली.

आपल्याकडे हेच एमूच्या बाबतीत झालं. पिल्लं घ्या, पाळा, दरमहा पैसे देऊ, मोठे पक्षी परत घेऊ, असं सांगणाऱ्या तमिळनाडूतल्या पेरुंदुरईच्या सुशी एमू फार्म्सचा डोलारा ऑगस्ट २०१२ मध्ये कोसळला. एमूचं मांस, तेल, कातडं यांचे गुण सांगणारे पुष्कळ होते. ते दुकानातून नियमाने विकत घेणारं गिऱ्हाईक नव्हतं. महाराष्ट्रातही एमू पाळणाऱ्यांचे हात पोळले. ते शेतकरी लोभी होते, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी कर्ज काढून कुंपणं घातली, पक्ष्यांना वेळेवर खाऊ घातलं, पिल्लं जगवली. जनावर सांभाळण्यात ते कुठेही कमी पडले नाहीत.

मग बाहेरचं रक्त आपल्या मातीत आणून कुटुंबाने जनावरांचा कळप उभा केला, तो टिकला आणि इतरांच्याही उपयोगी पडला, असं महाराष्ट्रात कुठे झालं आहे का? झालं आहे, आणि तेही महानुभावांच्याच दुसऱ्या मोठ्या ठिकाणी, फलटणला.

बनबिहारी निंबकर अमेरिकेत शेतीचं शिक्षण घेऊन फलटणला आले. त्यांच्या आई कमला निंबकर जन्माने अमेरिकन. व्यवसायोपचाराचं शिक्षण आपल्या देशात सुरू केलं ते त्यांनी. पत्नी जाई निंबकर या लेखिका, इरावती कर्व्यांच्या कन्या. ‘विंचुर्णीचे धडे’ लिहिणाऱ्या गौरी देशपांडे या जाईंच्या बहीण. विंचुर्णी हे फलटणजवळचंच गाव. निंबकरांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापली. कापूस, करडई यांवर काम करत संस्था १९९० च्या सुमारास शेळ्या-मेंढ्यांकडे वळली. कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी तो विभाग हाती घेतला आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात पशुपैदाशीच्या शास्त्रात पीएचडी केली. बनबिहारींना २००६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये ते गेले.

या घराने प्रश्न कुठून धरला ते पाहण्यासारखं आहे. नवं जनावर कोणतं आणू, असं त्यांनी विचारलं नाही. दारावरून जाणाऱ्या धनगराच्या कळपाकडे पाहिलं. दख्खनी मेंढी काटक, मैलोन्‌मैल चालणारी, पण एका वेताला बहुधा एकच कोकरू. तिच्या काळ्या, राठ लोकरीचं घोंगडं होतं. पण घोंगड्याचं गिऱ्हाईक आटत गेलं आणि लोकरीला भाव राहिला नाही. कातरणी अजूनही तशीच होते. मेंढीचे चारी पाय बांधून तिला कुशीवर पाडायचं, पोटाकडून सुरुवात करून पाठीपर्यंत कातर चालवत न्यायची, कातडीला चुणी पडू न देता. कुशल हातांतून लोकर एकसंध निघते, पण आज ती काढण्याची मजुरीच लोकरीच्या मोलाहून जड पडते. धनगराचं पोट भरतं ते कोकरांवर. तेव्हा मेंढीला जुळं झालं आणि दोन्ही जगली, तरच त्याच्या हाती काही लागणार.

जुळ्यांचा गुण सापडला सुंदरबनात. तिथली गारोळ मेंढी चिमुकली, जेमतेम बारा-पंधरा किलोंची, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यात फेक-बी नावाचं जनुक आहे. १७९० च्या दशकात बंगालहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांमधून हेच जनुक तिथल्या प्रसिद्ध बुरूला मेरिनो मेंढ्यांत आलं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. फलटणला गारोळचे नर आणून दख्खनी मेंढ्यांशी संकर केला. अडचण उघड होती. जुळं मिळालं तरी देह गारोळचा छोटा नको. म्हणून पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवत न्यायचं आणि प्रत्येक पिढीत जनुक टिकलं की नाही ते पाहायचं. २००१ मध्ये या जनुकातला नेमका बदल शास्त्रज्ञांना सापडला आणि रक्ताच्या नमुन्यावरून ते ओळखणं शक्य झालं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं या कामात सोबत होती. जनुकाची एक प्रत असली की बहुधा जुळं होतं; दोन असल्या तर तिळ्यांचा धोका वाढतो, आणि भटकंतीत तिसरं कोकरू जगवणं धनगरणीला जमत नाही. तेवढ्यापुरतंच हवं, जास्त नको, हा विवेक मला या कामातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी उभी राहिली आणि धनगरांच्या प्रत्यक्ष कळपांत तिची परीक्षा झाली. दक्षिण आफ्रिकेची बोअर शेळीही भारतात रुजवण्यात याच संस्थेचा मोठा वाटा आहे. तीही मांसासाठीच, गिऱ्हाईक आधीपासून उभं होतं.

इथे रिद्धपूरचा प्रश्न पुन्हा समोर येतो, आणि त्याला बगल देणं मला बरोबर वाटत नाही. फलटणच्या यशामागे मटणाचा बाजार आहे. पेरूतला अल्पाकापालकही केवळ लोकरीवर जगत नाही. म्हातारं जनावर तिथे खाल्लंच जातं. ‘जीव न घेता लोकरीवर घर चालतं’ ही गोष्ट ज्या देशातून आपल्याकडे येते, तिथेही ती बहुतेकदा पैदास-विक्री, पर्यटन किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पगारावर उभी असते.

ज्या घराला मांसाच्या बाजाराचं वावडं नाही, त्याला वऱ्हाडातच उत्तम जनावर आहे. बेरारी बकरी ही अकोला, अमरावती, वर्धा, नागपूर पट्ट्यातली, राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली जात आहे. बदामी-तांबूस अंग, पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत गेलेली गडद केसांची रेघ, आणि शिंगाच्या मुळापासून नाकपुडीपर्यंत चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा. ही खूण एकदा नजरेत बसली की बाजारात भेसळ लगेच कळते. तुरीचं कुटार, बाभळीच्या शेंगा, बोराटीचा पाला यांवर ती निभावून नेते. अल्पाकासाठी जो मे महिना जीवघेणा, तो तिने पिढ्यान्‌पिढ्या काढला आहे. अमरावतीजवळ पोहरा इथे मेंढी-शेळी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर शेळ्या आणि पाच बोकडांपासून पुढच्या गटांना निम्मं भांडवली अनुदान मिळतं. पण नवख्या घराने शंभरपासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा बकऱ्या आणि एक वही घ्यावी. वहीत विण्याची तारीख, पिल्लं किती, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन, आणि मेलं तर कशाने मेलं. फलटणच्या कळपामागे अशाच नोंदी आहेत.

आणि ज्या घराला बोकड विकायचाच नाही? जन्मणाऱ्या पिल्लांत निम्मे नर असतात. ते विकायचे नसतील तर त्यांना आयुष्यभर चारा घालावा लागेल, आणि तो खर्च दुधातून निघत नाही. अशा घराने कळप पाळूच नये. शेतासाठी त्याला लागतं ते खत, आणि खत घेऊन येणारे विदर्भात आधीच आहेत. कच्छहून आलेले रबारी, ज्यांना आपण काठेवाडी म्हणतो, अनेक दशकांपासून इथे मेंढ्या आणि उंट घेऊन फिरतात. अल्पाका उंटाच्याच कुळातला; तेव्हा त्याचे नातलग वऱ्हाडच्या रस्त्यांवर केव्हाचेच चालत आहेत. जानेवारी २०२२ मध्ये तळेगाव दशासर पोलिसांनी असेच ५८ उंट अडवले, ते अमरावतीच्या गोरक्षणात ठेवले गेले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. कत्तलीसाठी नेत असल्याचा आरोप होता. आपण इथलेच फिरते पशुपालक आहोत, असं रबारी सांगत होते. ज्यांना आपण इतकी वर्षं पाहतो त्यांना इतकं कमी ओळखतो, याचं मला वाईट वाटलं.

त्यांच्या मेंढ्या मोकळ्या वावरात बसवता येतात. संत्र्याच्या लहान कलमांत मात्र नको, ती खातील. लेंडी आणि मूत एकाच वेळी मातीत जातं, वाहतूक नाही, उकिरडा नाही. मोबदला रात्रींच्या हिशेबाने, रोख किंवा धान्यात ठरतो. बोलणी होळीच्या आधी उरकावीत, कारण मृगाच्या तोंडावर प्रत्येकालाच आपल्या वावरात कळप हवा असतो.