दिवस जाण्याआधीची गोळी

आमच्याकडे लग्नं मे महिन्यात उरकतात. नवरा मुंबईला, नवी सून गावात. गणपतीत चाकरमानी घरी येतो आणि दिवाळी झाली की मला निरोप येतो, "सिस्टर, सुनेचं नाव घालायचं हाय." रत्नागिरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. नाव घालते, वजन-रक्त बघते, फॉलिक ॲसिडची पट्टी हातात ठेवते. पण त्या गोळीचं सगळ्यात मोठं काम करायची वेळ तोवर टळून गेलेली असते.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे! तेव्हा पोरीने सासूलाही धड सांगितलेलं नसतं. नळी खाली उघडी राहिली तर पाठीवर गाठ घेऊन मूल जन्मतं. पाय लुळे पडू शकतात, लघवीवर ताबा राहत नाही. डोक्याकडे उघडी राहिली तर मूल जगतच नाही. आधीच्या गर्भात असा दोष निघालेल्या बायकांना दिवस जाण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तर तो पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ साली सिद्ध झालं.

या गोळीचं मूळ परळात आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत राहून गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा माग काढू लागली. भोवतालचं गिरणगाव तेव्हा रत्नागिरीकरांनी भरलेलं. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बायकांचं रक्त सुधारलं. १९३१ साली तिने ते छापलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, आपल्या फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप.

पालेभाजीत, कडधान्यात ते असतं; पण भाजी उकडून पाणी ओतून दिलं की बरंचसं मोरीत जातं. भाजी खाच, पण गोळीला पर्याय नाही.

चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी सुरू होते. "गोल्या खाऊन पोर मोठा झाला नि पोट फाडावा लागला तर?" हे मी दर पावसाळ्यात ऐकते. तसं काही होत नाही. शौचाला काळं होतं. मात्र गोळी चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

तेव्हा बायांनो, मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्या, तिसरा महिना सरेपर्यंत. फिटचं औषध चालू असेल किंवा आधीच्या बाळात असा दोष असेल, तर डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि आशाताईला लग्न झाल्या झाल्या भेटा, ओटी भरायची वाट बघू नका.